दोन हाकांचा नियम

उपनगरातल्या एका ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयात, दुसऱ्या मजल्यावर अगदी टोकाला, दर मंगळवारी सकाळी मुलांच्या मनाची ओपीडी भरते. तिच्या दारात एकोणीस वर्षं एकच बाई उभी राहून नावं पुकारत आली. सुलक्षणा राजेश मेस्त्री, हुद्दा आया, सगळ्यांची सुलूमावशी. नंबर दाखवणारं यंत्र एकदा आणून बसवलं होतं, ते पंधरा दिवसांत बंद पडलं ते कायमचंच. सुलूमावशीचा गळा मात्र कधी बसला नाही. खाली केसपेपरच्या खिडकीवर बसणारा मधुकर म्हणायचा, "मावशी, तुम्ही हाक मारली की गेटवरचे रिक्षावाले पण उठून उभे राहतात." तिला ते फार आवडायचं.

तिचे दोन नियम होते. ते कुठल्या साहेबाने घालून दिलेले नव्हते, कुठे लिहिलेले नव्हते, पण त्या कॉरिडॉरमध्ये तेच चालायचे. पहिला नियम असा की नाव दोनदाच पुकारायचं. दोन हाकांत माणूस दारात आला तर आत, नाही तर कागद गठ्ठ्याच्या तळाशी. तिसरी हाक नाही. "मी काय देवळातला भटजी आहे का, तासभर गाऱ्हाणं घालत बसायला?" असं ती म्हणायची.

दुसरा नियम तिच्या मते जास्त हुशारीचा होता. मधुकर खालून केसपेपरचा गठ्ठा वर पाठवायचा. सुलक्षणा तो वाचत बसायची नाही. ती आधी बाकांवर कान लावायची. कोण आरडतंय, कोण लाथा झाडतंय, कोण आईच्या हातून मोबाइल हिसकावतंय. त्या पोराच्या आईला नाव विचारायचं, गठ्ठ्यातून त्याचा कागद उपसायचा आणि वर ठेवायचा. आरडणारी पोरं आधी आत गेली की कॉरिडॉर शांत, डॉक्टर मॅडम खूश. उरलेले कागद जसे आले तसे खाली पडून राहायचे. मूल रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, हे तिचं आवडतं वाक्य. गप्प पोरांना ती दाराजवळच्या बाकांवर बसूच द्यायची नाही. कॉरिडॉर पुढे जिथे वळतो, तिथे जिन्यापाशी दोन बाकं होती. "तिकडे बसा, बाई. आवाज येतो तिकडे." आवाज यायचा, हे खरं. पण तिकडे बसलेलं माणूस दारातून दिसायचं नाही. ते उठून वळणावरून दारापर्यंत येईतो सुलक्षणाच्या दोन हाका संपलेल्या असायच्या.

साडेबाराला डॉक्टर मॅडम वॉर्डात जायला निघायच्या. मग उरलेल्या कागदांवर सुलक्षणा पुढच्या मंगळवारचा शिक्का मारायची. धाड, धाड, धाड. उरलेले कोण असायचे? बहुतेक मुली. ही गोष्ट तिच्या ध्यानात आली नव्हती असं नाही. "मुली काय, थांबतात," एवढंच तिला त्यात दिसलं.

आता गंमत अशी, की मुलामुलींच्या मेंदूबद्दल त्या मजल्यावर डॉक्टर मॅडमच्या खालोखाल कोणाला माहिती असेल तर ती सुलक्षणाला. डॉक्टर श्वेता सामंत दर मंगळवारी ओपीडी सुरू होण्याआधी पालकांना उभ्या-उभ्या दहा मिनिटं समजावून सांगायच्या. वयात येताना मुलींचा मेंदू साधारण वर्ष-दोन वर्षं आधी वाढीला लागतो, मुलांचा मागून. राग आणि भीती आधी जोर धरतात, त्यांना लगाम घालणारा पुढचा भाग फार सावकाश तयार होतो, पार विशी ओलांडून. दहाव्या वर्षापर्यंत मुलगे-मुली दोघंही सारखेच खचतात. तेरा-चौदाच्या पुढे मात्र उदास होणाऱ्या मुली मुलांच्या जवळपास दुप्पट. मुलगा बाहेर फोडतो, मुलगी आत कोंडते. आणि शेवटी त्या न चुकता एक वाक्य सांगायच्या. "हे सगळं सरासरीचं आहे. तुमच्या घरातलं पोर सरासरी नसतं, त्याच्याकडे बघा." सुलक्षणाला सगळं तोंडपाठ होतं, हे शेवटचं वाक्य सोडून. ते सुरू झालं की ती गठ्ठा घ्यायला वळायची.

ही विद्या ती बोरीवलीला घरी घेऊन यायची. सासरे गिरणीत होते. गिरणी बुडाल्यावर जे काही हाती आलं त्यात त्यांनी बोरीवली पूर्वेला, चार मजली सोसायटीत, आतली एक खोली आणि बाहेर हॉलला लागून किचन एवढी जागा घेतली आणि दोन वर्षांत ते गेले. मागे सासू विमला, नवरा राजेश, आणि जुळी पोरं, प्रितम आणि प्रांजल. राजेश लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर. उपनगरात कुठेही लिफ्ट अडकली की याचा फोन वाजायचा, त्यामुळे घरात तो असून नसल्यासारखा. सोसायटीतल्या हळदीकुंकवाला बायका सुलक्षणाला घेरून बसायच्या. कोणाचा मुलगा उलट बोलतो, कोणाचा शिकवणीला दांडी मारतो. ती समजुतीच्या सुरात सांगायची, "अहो, मुलग्यांचा मेंदू उशिरा पिकतो. धीर धरा." बायका माना डोलवायच्या. अर्धी डॉक्टरीण म्हणायच्या तिला. मुलींबद्दल कोणी विचारायचं नाही, आणि हीही सांगायची नाही.

जुळी पोरं बारा वर्षांची होईपर्यंत एका ताटात जेवली. तेराव्यात प्रितमचं बिनसलं. आवाज फुटला तसा रागही फुटला. ताट भिरकावलं, टीव्हीचा रिमोट भिंतीवर आपटला, आजीला "ए म्हातारे" म्हणाला. सुलक्षणा घाबरली आणि त्याच आठवड्यात मॅडमच्या हातापाया पडून त्याला ओपीडीत घातलं. स्टाफचा मुलगा म्हणून त्याला कॉरिडॉरमध्ये बसावंच लागलं नाही. मॅडम म्हणाल्या, अंगातली ताकद खर्च व्हायला वाट द्या. राजेशने पंचिंग बॅग आणली. ती टांगायला जागा एकच होती, आतल्या खोलीत प्रांजलचं अभ्यासाचं टेबल होतं तिथे. टेबल भंगारात गेलं. प्रांजल किचनच्या ओट्यावर पोळपाट सरकवून अभ्यास करू लागली. मॅडम म्हणाल्या, या वयात झोप उशिरा लागते, सकाळी लवकर उठवू नका. प्रितमला आठपर्यंत झोपू देऊ लागले. पाणी साडेपाचला यायचं, ते भरायला प्रांजल उठायची. तिचंही वय तेवढंच होतं, बारा मिनिटांनी जास्तच. पण झोपेचं ते वाक्य सुलक्षणाने एकाच पोरासाठी ऐकलं होतं.

आणि कोणी विचारलंच तर उत्तर तयार होतं. मुलींचा मेंदू आधी पिकतो ना? मग प्रांजल शहाणी. शहाणीने समजून घ्यायचं. मॅडमनी मुलींच्या काळजीपोटी सांगितलेली गोष्ट या बाईने मुलीच्याच डोक्यावर हंड्यासारखी ठेवली. मला या बाईचा राग येतो तो इथे. अडाणी असती तर सोडून दिलं असतं.

प्रांजल पूर्वी एक गंमत करायची. आजीला वाचता येत नव्हतं, म्हणून संध्याकाळी पेपरातल्या जाहिराती बातम्या देणाऱ्या बाईच्या आवाजात वाचून दाखवायची. "नमस्कार. आजच्या ठळक घडामोडी. कांदिवली पूर्व येथे दोन खुर्च्या विकणे आहे." म्हातारी हसून हसून खोकायची. नववी संपता संपता ते थांबलं. कोणी थांबवलं नाही, आपोआपच थांबलं. मग जेवण कमी झालं. मग केस विंचरणं राहू लागलं. काम मात्र सगळं व्हायचं. पाणी भरलेलं, भात लावलेला. माणशी एक वाटी, वर एक मूठ, असा भात ती रोज लावायची, न चुकता.

दहावीच्या वर्षात, दिवाळीच्या आधी, एकदा पोळ्या लाटता लाटता ती म्हणाली, "आई, मला हल्ली काही वाटतच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे, आनंद पण नाही, वाईट पण नाही. सकाळी उठले की वाटतं, उठले कशाला."

सुलक्षणाने तव्यावरची पोळी उलटली. "बरं आहे मग. वाटून करायचंय काय? दहावी आहे. ती मार्चपर्यंत निभावून ने, मग वाटून घे काय ते." आतून बॅगेवर गुद्दे पडत होते, भिंत हादरत होती. "आणि हळू बोल. त्याचं डोकं आज ठिकाणावर नाहीये."

बाहेरून सासू म्हणाली, "चेडवाक काय होवचा नाय गो. चेडू शाणा आसा. झिलाचा बघ तू." झिलावरून, म्हणजे प्रितमवरून, म्हातारी दर शनिवारी मीठ-मिरच्या उतरवायची. प्रांजलची दृष्ट शेवटची कधी काढली होती, ते तिला आठवलं नसतं. शहाण्या पोरीला कोण दृष्ट लावणार?

त्याच सुमारास ओपीडीत वेसाव्याची एक कोळीण यायला लागली, सरूबाई. बरोबर मुलगी, कल्पिता, चौदा वर्षांची. मुलीने दोन महिने घर सोडलं नव्हतं, जेवण टाकलं होतं, कोणी बोललं तर मान खाली. सुलक्षणाने दोघींकडे एकदा बघितलं, नाक मुरडलं आणि जिन्याकडे बोट केलं. "तिकडे बसा. वास मारतोय." हे ती कोणाच्याही देखत म्हणाली. कल्पिताने ओढणी आवळून घेतली. सरूबाई तिला घेऊन जिन्याकडे गेली.

पहिल्या मंगळवारी त्यांचा नंबर लागला नाही. दुसऱ्या मंगळवारी नाव पुकारलं, दोनदा. पोरीला उठवून वळणावरून आणेपर्यंत दुसरं नाव गेलं होतं. तिसऱ्या मंगळवारी सरूबाई दारातच उभी राहिली, तर सुलक्षणा ओरडली, "दारात गर्दी नको!" चौथ्या मंगळवारी बाईने पदराखालून कागदात बांधलेला जवळा काढून हिच्या हातात दिला.

"बाय गो, आज तरी आमाला आदी घे. दर मंगलवारी माजा बाजार बुडतं. पोर रातचा झोपत नाय."

"बघते," सुलक्षणा म्हणाली आणि जवळा पिशवीत टाकला. पण त्या दिवशी एका बिल्डरचा मुलगा आला होता. तो दारावर डोकं आपटत होता. मग आणखी एक आला, तो थुंकत होता. साडेबारा वाजले. कल्पिताच्या कागदावर चौथा शिक्का पडला. संध्याकाळी घरी जवळ्याची चटणी झाली, प्रितमने बोटं चाटून खाल्ली.

पाचव्या मंगळवारी सरूबाई एकटीच आली. बाकावर बसली नाही. सरळ दारात आली आणि घडी घातलेला केसपेपर सुलक्षणाच्या हातात दिला.

"हा कागूद नको आता."

"का? बरी झाली का पोर?"

"गेली," सरूबाई म्हणाली. "गुरवारी गेली." आणि जशी आली तशी जिन्याने उतरली. ती ओरडली असती, शिव्या दिल्या असत्या, तर सुलक्षणाला सोपं गेलं असतं. आरडणाऱ्यांचं काय करायचं ते तिला माहीत होतं.

तो कागद तिने कपाटात घातला. दोन दिवस तिला अन्न गोड लागलं नाही. खरंच सांगतो, त्या बाईचं काळीज दगडाचं नव्हतं. गुरुवारी घरी आल्यावर ती किचनमध्ये गेली आणि प्रांजलच्या खांद्यावर हात ठेवला. मुलीची हाडं हाताला लागली.

"तुला काही होतंय का गं, प्राजू?"

प्रांजलने वर बघितलं. तोंड उघडलं. तेवढ्यात आतल्या खोलीत काहीतरी फुटलं आणि प्रितम ओरडला, "माझा चार्जर कोणी घेतला? च्यायला, एक वस्तू जागेवर नसते!" सुलक्षणाची मान तिकडे वळली. वळलेली मान परत आली तेव्हा प्रांजल भाजी निवडत होती.

"नाही," ती म्हणाली. "मला काय होणार?"

सुलक्षणाने सुटकेचा निःश्वास सोडला. विचारलं होतं तिने. उत्तर मिळालं होतं. पुढे ती सोसायटीत सांगायलाही मोकळी झाली, मी माझ्या मुलीला स्पष्ट विचारते हो, आमच्यात लपवाछपवी नाही. वेसाव्याच्या बाईबद्दल तिने स्वतःची समजूत घातली, की लोक वेळेवर येत नाहीत आणि मग आपल्यावर ढकलतात.

जानेवारीतला तिसरा मंगळवार. गर्दी भरपूर होती. दाराजवळ दोन मुलगे एकमेकांच्या अंगावर धावून जात होते, तिसऱ्याने पाण्याची बाटली फोडली होती. सुलक्षणाने गठ्ठ्यातून सहा कागद उपसले आणि त्यातच साडेबारा वाजत आले. मधल्या वेळात तळातली दोनचार नावं तिने पुकारली असती, पण नव्या आलेल्या एका मुलाने बाकाची फळी उचकटली, त्याला आधी आत ढकलावं लागलं. मॅडमनी आतून विचारलं, "अजून किती आहेत मावशी?" ही म्हणाली, "किरकोळ आहेत, पुढच्या वेळी येतील." मॅडम हात धुवायला उठल्या. हिने शिक्क्याची पेटी उघडली. धाड, धाड, धाड. सात कागद. शिक्का वाळावा म्हणून ते टेबलावर पसरले आणि पुढची तारीख सांगायला त्या दिवशी पहिल्यांदाच नावं नीट वाचू लागली.

चौथं नाव होतं प्रांजल राजेश मेस्त्री. वय पंधरा. स्त्री. सोबत कोण, या रकान्यात मधुकरच्या अक्षरात लिहिलं होतं, "आई. इथेच कामाला."

तक्रारीच्या रकान्यात मधुकर नेहमी पालकांनी सांगितलेलं खरडायचा. तिथे त्याचं अक्षर नव्हतं. मुलीने पेन मागून स्वतः लिहिलं होतं, शाळेच्या वळणदार अक्षरात. "मला जगावंसं वाटत नाही. घरी सांगून झालं."

सुलक्षणा वळणापाशी गेली. एकोणीस वर्षांत ती ओपीडी चालू असताना त्या वळणापलीकडे गेली नव्हती. जिन्यापाशीच्या बाकावर शाळेच्या गणवेशात, मास्क लावून, दप्तर मांडीवर घेऊन तिची मुलगी बसली होती. सकाळी साडेनऊपासून बसली होती. बाकीच्या बायका उठून चालल्या होत्या. तीन तास आईचा आवाज ऐकत ती तिथे बसली होती, दुसऱ्यांची नावं.

आणि सुलक्षणाने पहिलं काय केलं? मागे वळून बघितलं, स्टाफपैकी कोणी आहे का. मग दबक्या आवाजात म्हणाली, "तुला अक्कल आहे का? मधुकरने बघितलं. आता सगळीकडे होईल. लोक काय म्हणतील, हिच्या घरात दोन-दोन?"

प्रांजल म्हणाली, "घरी तू ऐकत नाहीस. मला वाटलं, इथे कागदावर असलं तर ऐकशील."

"मॅडम अजून आत आहेत का?" असंही तिने विचारलं. हळूच. मॅडम आत होत्या. नळाचा आवाज येत होता. दार वीस पावलांवर होतं. सुलक्षणाच्या हातात कागद होता, आणि मी शपथेवर सांगतो, तिचं एक पाऊल दाराकडे पडलंही.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. शाळेतून होता. प्रितमने वर्गाच्या खिडकीच्या काचेवर हात मारला होता, रक्त थांबत नव्हतं, ताबडतोब या. त्यांनी प्रितमबद्दलच सांगितलं. त्याच वर्गातली त्याची जुळी बहीण आज का आली नाही, हे त्यांनी विचारलंही नाही. सुलक्षणाने हातातला कागद मुलीच्या दप्तरात कोंबला.

"प्रितमने हात फोडून घेतलाय. मला जायला हवं. तू घरी जा, भात लाव. पुढच्या मंगळवारी बघू हं. मी स्वतः मॅडमना सांगेन, पहिला नंबर लावेन. तू शहाणी आहेस ना?"

"हो," प्रांजल म्हणाली.

सुलक्षणाला बरं वाटलं. हे लपवण्यात अर्थ नाही. जिना उतरताना तिच्या मनात आलं, देवाने एक तरी समजूतदार दिलं.

प्रितमच्या हाताला नऊ टाके पडले. ती त्याला घेऊन घरी पोचली तेव्हा साडेपाच वाजत आले होते. हॉलमध्ये म्हातारी मोठ्या आवाजात मालिका बघत होती. "चेडू निजला हा, उठवू नको," ती म्हणाली. आतल्या खोलीचं दार लावलेलं होतं. सुलक्षणाने किचनमध्ये कुकर उघडला. भात झाला होता, मोकळा, छान. घरात माणसं पाच, आणि भात चौघांचाच होता.

तिला ते दिसलं. रोज तो भात वाढणाऱ्या बाईला दिसणारच. तिने हाक मारली, "प्रांजल!" उत्तर नाही. जरा थांबून पुन्हा मारली, "प्रांजल!" गेटवरचे रिक्षावाले उठवणारा तोच आवाज. मग ती थांबली. एकोणीस वर्षांची सवय, दोन हाका झाल्या. झोपली असेल म्हणून तिने प्रितमसाठी चहाचं आधण ठेवलं.

दार ठोठावलं ते प्रितमने. त्याला बॅगेपाशी जायचं होतं, राग अजून उतरला नव्हता. "ए प्राजू, दार उघड. प्राजू! ए, नाटकं करू नकोस ना यार!" तिसरी हाक, चौथी, दहावी. आजी म्हणाली, ओरडू नको. आई म्हणाली, झोपू दे तिला. आयुष्यभर याला थांब म्हटलं की तो थांबला नव्हता, तेव्हाही थांबला नाही. त्याने खांदा लावला, मग लाथ घातली, टाके उसवले, दारावर रक्त लागलं, आणि तिसऱ्या लाथेला कडी तुटली.

प्रांजलने काय केलं होतं ते मी सांगणार नाही. त्यात कोणाला कळण्यासारखं काही नाही. ती श्वास घेत होती. खालच्या मजल्यावरचे लोक धावले, कोणीतरी रिक्षा आणली. सुलक्षणाने मुलीला आपल्याच रुग्णालयात नेलं. गेटवर तिला बघून वॉर्डबॉय धावत आला, स्ट्रेचर आलं, डॉक्टर पळत आले, बाकीचे सगळे पेशंट बाजूला झाले. त्या दिवशी प्रांजलचा कागद सगळ्यात वर होता.

तासाभराने कळलं, वाचली. डॉक्टर श्वेता सामंत घरून परत आल्या होत्या. त्यांनी सुलक्षणाला बाजूला घेतलं आणि नेहमीचे प्रश्न विचारले. जेवण कधीपासून कमी झालं? झोप? काही बोलली होती का? मैत्रिणी कोण? ती हे प्रश्न एकोणीस वर्षं दारातून ऐकत होती, दुसऱ्यांच्या आया गोंधळल्या की मनातल्या मनात त्यांना हसत होती. आता तिला एकाचंही उत्तर देता येईना. प्रितमबद्दल विचारलं असतं तर तारखेनिशी सांगितलं असतं.

धावपळीत कोणीतरी घरून उचलून आणलेलं प्रांजलचं दप्तर नर्सने आणून दिलं. त्यात वह्यांच्या वर चुरगळलेला केसपेपर होता. मॅडमनी तो उलगडला. मुलीचं अक्षर वाचलं. मग वरची तारीख बघितली, मग जांभळा शिक्का.

"सुलूमावशी, ही आज सकाळी आपल्याकडे आली होती?"

"हो."

"मी होते ना आत. साडेबारा वाजून गेले तरी होते. ही केवढा वेळ बसली होती?"

सुलक्षणाने दप्तर जवळ ओढलं.

"किरकोळ आहेत म्हणालात तुम्ही." मॅडमचा आवाज चढला नाही, तो उलट खाली गेला. "हा शिक्का कोणी मारला?"

सुलक्षणाने हात पदरात घेतले. बोटांना अजून जांभळी शाई होती.

कॅज्युअल्टीच्या बाहेर, बाकाच्या टोकाला, प्रितम बसला होता. हाताला नवीन पट्टी. तो ओरडत नव्हता, लाथा झाडत नव्हता, भिंतीकडे बघत गप्प बसला होता. राजेश आला, त्याच्यासमोरून आत गेला. आजी आली, तीही आत गेली. गप्प बसलेल्या त्या पोराकडे कोणी बघितलं नाही.

सकाळी सातला प्रांजलला जाग आली. वॉर्डात उजेड झाला होता. सलाईन चालू होतं. सुलक्षणा स्टुलावर बसून होती, आदल्या दिवसाच्या साडीतच. मुलीचे डोळे उघडलेले दिसले तशी ती पुढे वाकली.

"प्रांजल."

मुलगी पंख्याकडे बघत राहिली.

"प्रांजल."

दोन झाल्या. सुलक्षणाने आयुष्यात पहिल्यांदा तिसरी हाक मारली. मग चौथी. आवाज चिरकला, तरी मारत राहिली. प्राजू, बाळा, अगं ए, बघ ना. शेजारच्या कॉटवरची बाई उठून बसली. नर्स म्हणाली, मावशी, हळू, ती शुद्धीवर आहे, तिला सगळं ऐकू येतंय.

येतच होतं. प्रांजलने आईकडे बघितलं, बराच वेळ, राग नाही, रडू नाही. मग तिने कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केलं. शहाण्या पोरीने ओ दिली नाही.